यात्रेतला तंबूचा तमाशा: नाशिकला मुक्काम असेल तर

नाशिक परिसरातल्या यात्रांत तंबूचा तमाशा लागला असेल, तर गणालाच, म्हणजे सुरुवातीच्या गणेशवंदनेलाच हजर राहा. पुढे गवळण (कृष्ण-गौळणींची थट्टामस्करी), बतावणी (विनोदी संवाद), रंगबाजी (लावणी-नृत्यं) आणि शेवटी वग, म्हणजे कथानाट्य. गवळणीतल्या मावशीची, म्हणजे गौळणींच्या विनोदी म्होरकीची, हजरजबाबी फेक हा या खेळाचा प्राण आहे. उशिरा येणारे नेमके तेच गमावतात. जागा मधली, थोडी मागची घ्या. अगदी पुढे भोंग्यांसमोर ढोलकीच्या दोन्ही तोंडांचे बोल एकमेकांत मिसळतात, हलगी सगळं झाकते आणि घुंगरांचा ठेका हरवतो. खरी लावणी ऐकायची ती पायांतून. फर्माईश सिनेमाच्या गाण्यांची करू नका, पारंपरिक लावणी मागा. वग बराच लांबतो. थंडीत शाल हवीच, आणि परतीची रिक्षा आधीच ठरवा.