रास्पबेरी पाय ४ वर फोटो छोटे करताना : निऑन राहू द्या, आधी चार्जर बघा

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या ट्रेकिंग ग्रुपचे फोटो छोटे करायचं काम पाय ४ या छोट्याशा कॉम्प्युटरवर टाकलंय. राजगड-तोरणा करून आलं की सगळ्यांच्या मोबाईलमधले फोटो येऊन पडतात. रात्री स्क्रिप्ट लावायची, सकाळी काम झालेलं. एवढ्यासाठी डेस्कटॉप रात्रभर जाळणं मला पटत नाही.

पायच्या कॉर्टेक्स-ए७२ प्रोसेसरमधलं निऑन, म्हणजे एकदम अनेक आकड्यांचा हिशोब करणारी सोय, ८ बिटांचे १६ आकडे एका दमात उरकतं, आणि फोटो लहान करणं म्हणजे शेवटी पिक्सेलचे गुणाकार नि बेरजाच. पण ज्याला त्याला सुचवली जाणारी पिलो-सिमड ही फोटोंची लायब्ररी इंटेल-एएमडीच्या अशाच सोयींसाठी, म्हणजे एसएसई, एव्हीएक्ससाठी लिहिलेली आहे, पायवर तिचा उपयोग नाही. म्हणून लिबव्हिप्स ही दुसरी लायब्ररी घेतली. पायवरच्या बुकवर्म या लिनक्स आवृत्तीत तिची ८.१४ येते, हायवे नावाच्या लायब्ररीमार्फत निऑन वापरणारी ८.१५ स्वतः बिल्ड केली.

आणि वेळेचे आकडे काही केल्या जुळेनात. तोच फोल्डर, तीच कमांड, आत्ता झटकन होतंय, थोड्या वेळाने दुप्पट वेळ. लिबव्हिप्सबद्दल माझं मत पार वाईट झालं होतं. मग व्हीसीजेनसीएमडी या पायच्या कमांडला थ्रॉटलिंगचं, म्हणजे वेग आपोआप उतरवला जातोय का ते, विचारलं, तर उत्तरात कोड आला ५०००५! म्हणजे व्होल्टेज आत्ताही कमी, आधीही कमी पडलेलं, आणि त्यापायी प्रोसेसरचा वेग उतरवलेला. साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की पाय हे करतो.

चार्जर पुण्यातल्या तापकीर गल्लीतून ‘पायसाठी एकदम बेस्ट’ म्हणून विकला गेलेला, १८ वॅटचा. पाठीमागची बारीक अक्षरं मोबाईलच्या टॉर्चमध्ये वाचली : ५ व्होल्ट २ ॲम्पिअर, ९ व्होल्ट २ ॲम्पिअर. १८ वॅट मिळतात ते ९ व्होल्टला. पाय ९ व्होल्ट मागतच नाही, त्याला ५ व्होल्टलाच ३ ॲम्पिअर लागतात. म्हणजे हातात आले १० वॅट, त्यातलं थोडं बारीक केबलने खाल्लं. दुकानात जाऊन ही ओळ दाखवली. “साहेब, लॅपटॉपपण चालतो यावर. खोका फोडलाय, परत होणार नाही.” अर्धा तास उभं राहून समजावलं, तरी तेच. चुकीचा माल सांगून विकायचा आणि खोक्याचं कारण द्यायचं, हा सरळ अन्याय आहे.

५.१ व्होल्ट, ३ ॲम्पिअरचा मूळ ॲडॉप्टर लावल्यावर आकडे जागेवर आले. लिबव्हिप्सबद्दलचं मत बदललं, उत्तम आहे. मात्र बराचसा वेळ स्केलिंगमध्ये जातच नाही, जेपेग फाईल उलगडून पिक्सेल काढण्यात जातो. हे उलगडण्याचं काम करणारी लिबजेपेग-टर्बो लायब्ररी फोटो उलगडतानाच निम्मा, पाव किंवा एक अष्टमांश करून देते. लिबव्हिप्सची व्हिप्सथंबनेल ही कमांड ते आपणहून वापरते. आधी अख्खा फोटो उलगडून मग लहान करणाऱ्या स्क्रिप्टला निऑनही वाचवू शकत नाही. त्यामुळे कुणी ‘इतके पट वेगवान’ म्हटलं की दोनच गोष्टी विचारा : उलगडण्याचा वेळ धरलाय का, आणि चाचणीनंतर थ्रॉटलिंगचा आकडा शून्य होता का.

एप्रिलमध्ये हा शून्य पुन्हा गेला, या वेळी उष्म्याने. चिप ८० अंशांवर गेली की वेग उतरतो. ॲल्युमिनियमची केस घेतली, पंख्याशिवाय भागतंय. ती घ्यायला त्या दुकानाची पायरी चढलो नाही.