तान्ह्या बाळाच्या स्वरतंतूंची सोनोग्राफी: सोलापुरातील एका केंद्राचा अनुभव

हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर बाळाचे रडणे क्षीण व घोगरे झाले आणि दूध पिताना ठसका लागू लागला, तर डॉक्टरांना पहिली शंका डाव्या स्वरतंतूची येते. त्या तंतूला हलविणारा मज्जातंतू छातीत उतरून महाधमनीच्या कमानीला वळसा घालतो व पुन्हा घशाकडे चढतो. त्यामुळे पीडीए, म्हणजे जन्मानंतरही उघडी राहिलेली हृदयाजवळची रक्तवाहिनी, बांधताना त्याला इजा होण्याचा धोका असतो. आमच्या नातीची हीच शस्त्रक्रिया पुण्यात झाली होती. सोलापुरात परतल्यावर कान-नाक-घसा तज्ज्ञांनी नाकातून दुर्बीण घालून पाहिले, पण ती इतकी रडली आणि घशात इतकी लाळ साचली की निश्चित काही सांगता येईना, म्हणून त्यांनी आम्हाला शहरातील एका सोनोग्राफी केंद्रात पाठविले.

तपासणीबाबत माझे मत उत्तम आहे. बाळाला आईच्या मांडीवरच ठेवले, खांद्यांखाली दुपट्याची घडी सरकवली, जेल आधी कोमट करून घेतले आणि गळ्यावर प्रोब अलगद आडवा टेकवला. लहान मुलांच्या स्वरयंत्राची कूर्चा मऊ असल्याने ध्वनिलहरी सहज आरपार जातात. प्रौढांत ती कठीण होत गेल्यामुळे चित्र तितके स्वच्छ येत नाही. पडद्यावर उजवा तंतू प्रत्येक श्वासाबरोबर बाजूला सरकत होता, डावा मात्र जागचा हलत नव्हता. नात मध्येच रडू लागली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "रडू द्या आजी, उलट बरंच आहे. रडताना दोन्ही तंतू जवळ यायला हवेत, तेच बघतोय." भूल नाही, क्ष-किरण नाहीत.

या केंद्राची खरी जमेची बाजू म्हणजे अहवालातील प्रांजळपणा. डाव्या बाजूची हालचाल दिसत नाही, एवढेच त्यात नोंदवले आहे. तंतूंच्या वरचा भाग श्वासाबरोबर आत ओढला जातो का, खाली श्वासनलिका अरुंद आहे का, हे या तपासणीवरून ठरत नाही व त्यासाठी दुर्बीण लागेल, असेही स्पष्ट लिहिले आहे. दूध श्वासनलिकेत उतरते का, याची तपासणी निराळी असते, हेही त्यांनी तोंडी समजावले. शेजारी बसलेल्या, कर्नाटकातील इंडीकडच्या आईशी तेथील परिचारिका कन्नडमध्ये बोलत होती. सोलापुरात हे सौजन्य नव्हे, गरजच आहे.

तक्रारी दोन आहेत. गरोदर स्त्रियांच्या रांगेतच तान्ह्या बाळांनाही ताटकळावे लागते आणि तेथील एसी त्यांना सोसत नाही. दुसरी अधिक गंभीर आहे: प्रश्न हालचालीचा असताना हातात पडतात ती स्थिर चित्रांची छापील पाने. दोन्ही तंतू एकाच क्षणी टिपलेल्या त्या चित्रात आजारी बाजू कोणती, हे दुसऱ्या डॉक्टरांना कसे कळावे? आम्ही आग्रह धरल्यावर चित्रफीत पेनड्राइव्हवर मिळाली, तीही आक्षेप न घेता. तेव्हा जाणाऱ्यांनी पेनड्राइव्ह सोबत न्यावा आणि तपासणी सुरू होण्यापूर्वीच चित्रफीत मागावी. नंतर ती यंत्रात साठवलेली असेलच असे नाही.