मागच्या दाराने आलेले नर्तक : ‘द कॉटन क्लब एनकोर’

फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांचा ‘द कॉटन क्लब’ १९८४च्या डिसेंबरमध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा पडद्यावर काय दिसते यापेक्षा त्यापायी किती पैसा ओतला गेला याचीच चर्चा अधिक झाली. साडेपाच कोटी डॉलरहून अधिक खर्चून उभ्या राहिलेल्या या चित्रपटाला अमेरिकेत त्याच्या निम्मेही परत मिळवता आले नाहीत आणि एक महागडा फसलेला प्रयोग अशी त्याची नोंद होऊन गेली. अनेक वर्षांनी कोपोलांच्या हाती एका जुन्या बीटामॅक्स व्हिडिओ टेपवर त्याची लांब प्रत लागली. साधारण पाच लाख डॉलर स्वतःच्या खिशातून घालून त्यांनी चित्रपट पुन्हा जुळवला आणि १३९ मिनिटांची ही आवृत्ती २०१७मध्ये महोत्सवात व २०१९मध्ये चित्रपटगृहांत आली. नाव ‘एनकोर’, म्हणजे नाटकवाल्यांच्या भाषेत वन्समोअर. हा वन्समोअर प्रेक्षकांनी मागितलेला नाही, दिग्दर्शकाने स्वतःच घेतलेला आहे. पण तो घेतला हे बरे झाले.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये लेनॉक्स अव्हेन्यू आणि १४२व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचा प्रत्यक्षातला कॉटन क्लब १९२३पासून ओनी मॅडन या टोळीप्रमुखाच्या ताब्यात होता. दारूबंदीच्या काळात तिथे दारू वाहत होती. मंचावर जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद, नर्तक आणि गायिका, सारे कृष्णवर्णीय, आणि समोरच्या टेबलांवर मात्र फक्त गोरे. ज्यांच्या पायांवर आणि गळ्यांवर क्लब चालत होता त्यांना गिऱ्हाईक म्हणून तिथे प्रवेश नव्हता. चित्रपटाचा खरा विषय हाच आहे. त्यामुळे पहिल्या आवृत्तीची कात्री नेमकी कुणावर चालली हे पाहिले की चीड येते. चित्रपट लांबला आहे, त्यात टॅप नृत्य (बुटांच्या ठेक्यावरचे नृत्य) फार आहे आणि कृष्णवर्णीय पात्रेही फार आहेत, असा दबाव आपल्यावर होता, असे कोपोला यांनी उघडपणे सांगितले आहे. क्लबने आपल्या कलावंतांना जे केले, तेच चित्रपटाने आपल्या पात्रांना केले.

‘एनकोर’मध्ये सँडमन आणि क्ले विल्यम्स या नर्तक भावांना त्यांची जागा परत मिळते. ग्रेगरी आणि मॉरिस हाइन्स हे प्रत्यक्षातही भाऊ. सँडमन एकट्याने पुढे जातो, क्ले दुखावतो, आणि पुढे ते पुन्हा एकत्र नाचून एकमेकांना मिठी मारतात, तेव्हा अभिनय कुठे संपला हे सांगता येत नाही. जुन्या नर्तकांच्या अड्ड्यावरचा प्रसंगही तसाच खुलतो. तिथे वयस्क नर्तक एकामागून एक पुढे येतात आणि शब्दाविना, केवळ टाचा आणि चवड्यांच्या आवाजात सवाल-जवाब रंगतो. कॅमेरा त्यांच्या पायांपासून फार दूर जात नाही, हे शहाणपणाचे. उजळ वर्णामुळे गोरी म्हणून वावरू शकणाऱ्या लायला रोजच्या भूमिकेत लोनेट मॅकी आहे. तिचे ‘स्टॉर्मी वेदर’ हे गाणे मूळ आवृत्तीत कापले गेले होते. ते ऐकल्यावर कापणाऱ्याच्या कानांविषयी शंका येते.

गोऱ्या नायकाच्या कथेबद्दल मात्र एवढे चांगले बोलता येत नाही. रिचर्ड गिअरचा डिक्सी ड्वायर कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखे वाद्य वाजवतो (गिअरने आपले भाग स्वतः वाजवले आहेत, आणि नीटनेटके वाजवले आहेत), योगायोगाने डच शुल्ट्झ या गुंडाचा जीव वाचवतो आणि मग त्याच्याच मर्जीतल्या व्हेराच्या प्रेमात पडतो. डायेन लेन देखणी दिसते, परंतु या दोघांच्या प्रेमात धग नाही. जेम्स रेमारचा शुल्ट्झ धोकादायक कमी आणि चिडका अधिक वाटतो. गुन्हेगारीच्या बाजूने चित्रपट तरतो तो बॉब हॉस्किन्सचा मॅडन आणि फ्रेड ग्विनचा फ्रेंची या जोडगोळीमुळे. अपहरणातून सुटून आलेला फ्रेंची खंडणीच्या रकमेवरून रुसतो, मॅडनचे घड्याळ मागून घेऊन फोडतो आणि मग त्याच्या हातावर नवे घड्याळ ठेवतो; दोन खुनशी माणसांमधली ही माया साऱ्या प्रेमप्रसंगांपेक्षा खरी वाटते.

रिचर्ड सिल्बर्ट यांचे कलादिग्दर्शन आणि मिलेना कॅनोनेरो यांची वेशभूषा पाहून पैसा कुठे गेला ते कळते. एलिंग्टनच्या रचना बॉब विल्बर यांनी जुन्या ध्वनिमुद्रणांचा बाज सांभाळून नव्याने वाजवून घेतल्या आहेत. चित्रपट पाहायचाच तर चांगल्या स्पीकरवर पाहावा, कारण कथा सैल पडते तिथे तिला वाद्यवृंदच धरून ठेवतो.

आणि शेवटाकडचा तो जोडप्रसंग. मंचावर सँडमन एकटा, साथीला वाद्य नाही, फक्त बुटांचा वाढता ठेका. दुसरीकडे शुल्ट्झवर झाडल्या जाणाऱ्या गोळ्या. संकलक दोन्ही आवाज इतके जवळ आणतो की टॅपचा आवाज कोणता आणि बंदुकीचा कोणता याचा क्षणभर गोंधळ उडतो. कोपोलांनी नृत्याला गुन्ह्याची पार्श्वभूमी केलेले नाही. गुन्ह्यालाच नृत्याच्या तालावर यावे लागते.