पन्नास हजार ईमेल आणि श्रावणातला मटण मसाला

पैसे मीच पाठवले. माझ्याच फोनवरून, समोर चहाचा कप ठेवून, दोनदा आकडा तपासून. २३,६०० रुपये. वीस हजार त्या पोराच्या 'ईमेल मार्केटिंग पॅकेज'चे आणि वर अठरा टक्के जीएसटी. त्यामुळे 'मला फसवलं' असं म्हणताना आजही जीभ थोडी अडखळते. पण नागपूरच्या नंदनवनात, मानेवाड्यात, प्रतापनगरात माझ्यासारख्या घरून धंदा करणाऱ्या बायका पुष्कळ आहेत आणि तो पोरगा अजून प्रदर्शनांतून फिरतो आहे. म्हणून लिहिते.

आमचा धंदा सावजी मसाल्याचा. मटण मसाला, तर्रीचा मसाला, उन्हाळ्यात सांडगे. सासूबाईंचं प्रमाण आणि माझे हात. ग्राहक अर्धे नागपुरातले, अर्धे नागपूर सोडून पुण्या-हैदराबादला गेलेले. या दुसऱ्या अर्ध्यांना 'नवीन मसाला कुटला' हे कळवायचं कसं, हा माझा प्रश्न. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टचा अनुभव घेतला होता. ज्यानं आपला नंबर सेव्ह केलेला नाही, त्याला तो मेसेज जातच नाही, आणि पुण्यातला माणूस मसालेवालीचा नंबर कशाला सेव्ह करून ठेवेल? ईमेल मात्र माझ्याकडे होते. ऑर्डर घेताना वहीत लिहून घेतलेले, ३४० च्या आसपास.

मग रात्री मुलं झोपल्यावर सगळ्यांना एकदम ईमेल पाठवायची साधनं शोधायला लागले. मेलचिंप, ब्रेव्हो, झोहो कॅम्पेन्स. प्रत्येक जण स्वतःला नवशिक्यांसाठी सगळ्यात सोपा म्हणवून घेतो. आत गेलं की ऑडियन्स, सेगमेंट, ऑटोमेशन, आणि काही ठिकाणी दर डॉलरमध्ये. तीन रात्री मी हेच केलं. चौथ्या रात्री लॅपटॉप मिटला आणि ठरवलं की कुणाला तरी पैसे देऊन हे काम करून घ्यायचं. फसण्याची तयारी त्या रात्रीच झाली होती, असं आता वाटतं.

बचत गटांच्या प्रदर्शनात माझ्या टेबलापाशी तो आला. इस्त्रीचा शर्ट, व्हिजिटिंग कार्डावर धरमपेठेचा पत्ता. पुडी हातात घेतली, वास घेतला, एक विकतही घेतली. मग म्हणाला, "काऊन टेन्शन घेऊन राहिल्या ताई? हे सगळं शिकत बसाल तर मसाला कोण कुटणार? आमचं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे, लाइफटाइम. तुम्ही काही शिकायचंच नाही. नागपुरातल्या खवय्यांचे पन्नास हजार व्हेरिफाइड ईमेल आम्ही टाकून देतो. डोमेन पण आम्हीच काढून देऊ, तुमच्या ब्रँडच्या नावाचं."

तुम्ही काही शिकायचंच नाही. तीन रात्री डोकं फोडून आलेल्या बाईला यापेक्षा गोड काय ऐकवाल?

बिल पीडीएफमध्ये आलं. पैसे मात्र कंपनीच्या खात्यावर नाही, यूपीआयवर एका माणसाच्या नावावर गेले. 'करंट अकाउंटचं काम चालू आहे ताई.' मी मान डोलावली. जीएसटी नंबर वर छापलेला होता, तो मी मोजला नाही. पुढे भाच्यानं मोजला. जीएसटीचा नंबर पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा असेल तर २७ नं सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की व्यापाऱ्याचं नाव दिसतं. माझ्या बिलावर चौदाच अक्षरं होती. म्हणजे ३,६०० रुपयांचा तो कर सरकारनंही पाहिला नाही.

आठ दिवसांत डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं आपलं नाव, आलं, त्यावर ऑर्डरचा ईमेल पत्ता आला. मी उत्साहानं दोन हजार पुड्यांची लेबलं त्याच पत्त्यासकट छापून घेतली. मग पहिलं 'कॅम्पेन' गेलं. विषय होता, 'झणझणीत सावजी मटण, आजच!' तारीख त्यानं ठरवली. श्रावणाचा पहिला आठवडा.

हसा, मीही आता हसते. तेव्हा मी गावाहून येत होते, एसटीत बसल्या बसल्या उत्तरं वाचत होते. एका गृहस्थांनी लिहिलं होतं, 'आमच्या घरात कांदा-लसूणही येत नाही, तुम्हाला माझा पत्ता दिला कोणी?' कुणी केरळातून इंग्रजीत विचारलं की हे काय आहे. एका दवाखान्यानं लिहिलं, 'पुन्हा पाठवाल तर तक्रार करू.' ऑर्डर आल्या दोन, दोन्ही माझ्या जुन्याच ग्राहकांच्या. त्या पोरानं मात्र संध्याकाळी रिपोर्ट पाठवला, रंगीत, गोल गोल आलेखांचा, एकसष्ट टक्के लोकांनी मेल उघडला म्हणून. मी तो घरच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. आकडा खरा होता की रंगवलेला, देव जाणे. पण खरा असता तरी त्याला फारसा अर्थ नव्हता. ॲपलनं २०२१ पासून आपल्या मेल ॲपमध्ये अशी सोय दिली आहे की मेलमधली चित्रं आधीच उतरवून घेतली जातात, मग माणसानं मेल पाहिला काय, न पाहिला काय, 'उघडला' अशीच नोंद होते.

बिंग फुटलं ते पुण्याच्या एका काकूंमुळे. दर दोन महिन्यांनी दोन किलो नेणाऱ्या. त्यांचा फोन आला, "अगं, पैसे भरले, पण तुझा मेलच नाही आला." मी पाठवला होता. शोधलं तर स्पॅममध्ये, वर लाल पट्टी, हा मेल धोकादायक असू शकतो. माझा मेल. माझ्या काकूंना.

भाचा त्या रविवारी जेवायला आला होता. ताट बाजूला सारून त्यानं माझा लॅपटॉप ओढला. जीमेलमध्ये आलेल्या मेलच्या उजवीकडे तीन ठिपके असतात, त्यात 'शो ओरिजिनल' म्हणून असतं, ते त्यानं उघडलं. तिथे तीन ओळी दिसतात: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क. तिन्हींपुढे 'फेल'. हे शब्द ऐकून घाबरू नका. पत्रावर पाठवणाऱ्याचं नाव लिहिलंय, पण ते खरंच त्याच्या घरून निघालं का, हे टपालखात्यानं तपासावं, तसला प्रकार आहे. गुगल आणि याहूनं फेब्रुवारी २०२४ पासून ही तपासणी कडक केली. जीमेलवर दिवसाला पाच हजारांच्या वर मेल पाठवणाऱ्याला हे तिन्ही लागतात, एका क्लिकमध्ये 'नको' म्हणायची सोय द्यावी लागते आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांवर जाऊन चालत नाही. म्हणजे हजार लोकांत तिघांनी 'स्पॅम' दाबलं की आपण काठावर. पन्नास हजार अनोळखी लोकांना श्रावणात मटण पाठवल्यावर किती जणांनी दाबलं असेल, तुम्हीच सांगा.

मग त्यानं पहिल्या दिवशी मला आलेला नमुन्याचा मेल उघडला आणि पार खालपर्यंत सरकवला. वर त्या पोराच्या कंपनीचा मोठा लोगो. सगळ्यात खाली, राखाडी, मुंगीएवढ्या अक्षरांत एका परदेशी साधनाचं नाव. "आत्या, हे त्यांचं सॉफ्टवेअर नाही. हे फुकटचं खातं आहे. फुकट खात्यातून पाठवलं की कंपनी खाली आपलं नाव टाकते." ज्याला मी वीस हजार मोजले, ते मी तीन रात्री ज्यांच्या दारात उभी होते त्यांच्यापैकीच एक होतं.

उरलेलं तो पोरगाच फोनवर बोलून गेला. "त्या लोकांनी अकाउंट ब्लॉक केलं ना ताई, म्हणून सर्व्हर बदलावा लागला." ब्लॉक करणारच. विकत आणलेली यादी यातलं कुठलंच बरं साधन चालू देत नाही, नियमातच लिहिलेलं असतं. मग यानं कुठल्याशा स्वस्त सर्व्हरवरून माझ्या डोमेनच्या नावानं उरलेला रतीब घातला. ती पन्नास हजारांची यादी मी नंतर मागून घेतली, एक्सेलमध्ये. बँकांचे पत्ते, तेच नाव चार-चारदा, परदेशातले दातांचे डॉक्टर. नागपूरचे किती, ते मी मोजायचा प्रयत्न करून सोडून दिला.

एवढ्यावर थांबलं असतं तर २३,६०० गेले म्हणून गप्प बसले असते. मी म्हटलं, बाबा, पैसे राहू दे, माझं डोमेन आणि पासवर्ड दे. तेव्हा कळलं की डोमेन माझं नव्हतंच. नोंद त्याच्या नावावर, त्याच्या ईमेलवर. "ट्रान्सफर फी सात हजार लागेल." आवाज तोच, ताई तेच. माझ्या वहीतले ३४० पत्ते मी त्यालाच टाइप करून दिले होते, तेही त्याच्याच खात्यात.

धरमपेठेच्या पत्त्यावर गेले. तिथे भाड्यानं टेबलं मिळणारं ऑफिस, रिसेप्शनवरच्या मुलीनं सांगितलं, ते मागच्या महिन्यातच सोडून गेले. सायबर फसवणुकीचा नंबर १९३०, तिथे फोन केला, पोर्टलवर तक्रार टाकली. हा नंबर पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो, तासाभरात लावलात तर रक्कम मध्येच थांबवता येण्याची आशा असते. मी दोन महिन्यांनी लावला. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ आहे. तिथेही नोंद केली, पण ओळखीच्या वकिलांनी आधीच सांगितलं, धंद्यासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात बसवताना वाद घालतात. तक्रार क्रमांक माझ्याकडे आहे. पैसे नाहीत.

आता काय करते ते सांगते, कारण प्रत्येक जण तेच विचारतो. ब्रेव्हो घेतलं, पूर्वी ज्याला सेंडिनब्लू म्हणत. फुकट खात्यातून दिवसाला ३०० मेल जातात. माझी माणसं आता दोनशेच्या आत आहेत, कारण मी सगळ्यांना पुन्हा विचारलं आणि जे 'हो' म्हणाले तेवढेच ठेवले. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचा रोख तसाही संमतीवरच आहे. झोहोवालेही चेन्नईचे, चांगले आहेत म्हणतात. खरं सांगू का, दोनशे लोकांसाठी कुठलंही चालतं. मी तीन रात्री 'कुठलं साधन' विचारत बसले. 'कोणाच्या नावावर' हे एकदाही विचारलं नाही. नवं डोमेन मी स्वतः काढलं, माझ्या नावानं, माझ्या कार्डावरून. पासवर्ड मसाल्याच्या हिशोबाच्या वहीत शेवटच्या पानावर आहे. एसपीएफ आणि डीकेआयएमच्या ओळी साधनातून कॉपी करून डोमेनच्या पानावर चिकटवायच्या असतात, भाच्याला एक संध्याकाळ लागली, त्यातला अर्धा वेळ तो तर्री-पोहे खात होता.

लेबलं मात्र अजून पुरतात. दोन हजारांतली चौदाशे उरली होती. सासूबाई दुपारी सिरियल बघता बघता जुन्या पत्त्यावर नव्या पत्त्याची चिकटपट्टी लावतात, नखानं कडा दाबून. पण आधी विकलेल्या सहाशे पुड्या लोकांच्या स्वयंपाकघरात आहेत, जुना पत्ता घेऊन. परवा हैदराबादच्या एका ताईंनी विचारलं, दिवाळीची ऑर्डर मेल केली होती, उत्तर काऊन नाही दिलं? तो मेल त्या पोराकडे गेला होता.