सामान साठवत जाणाऱ्या माणसासाठी १४४१६ : आमच्या घरचा अनुभव

आमचं गाव पैनगंगेच्या काठचं. मोठेबाबा गेले आणि मोठ्या आईच्या घरात सामान साठत गेलं: युरियाच्या रिकाम्या गोण्या, तेलाचे पिपे, फवारणीच्या औषधाच्या बाटल्या, लग्नपत्रिका. माजघरात पाय ठेवायला जागा उरली नाही, ती चुलीपाशी झोपू लागली. पावसाळ्यात ढिगात उंदीर आणि उंदरांमागे साप, ही धास्ती वेगळीच. नातलगांनी एकदा ट्रॅक्टर लावून सगळं भंगारात घातलं. तिनं जेवण सोडलं, आणि दिवाळीपर्यंत घर पुन्हा भरलं.

मग टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या १४४१६ या हेल्पलाइनला, फोन केला. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. फुकट, रात्रंदिवस, मराठीतही. समुपदेशक बाईंचे पहिले प्रश्नच मला पटले. चुलीपासून गोण्या किती लांब? रात्री बाहेर पडायची वाट मोकळी आहे का? बाटल्या कुठं ठेवल्यात? मग तिची झोप, जेवण, मोठेबाबांची आठवण. त्यांनी सांगितलं की असं सामान साठवत जाणं हा आजार आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही त्याची वेगळी नोंद आहे. काय ठेवायचं, काय द्यायचं हे तिनंच ठरवायचा सराव करायचा. घाईनं घर रिकामं करू नका. ‘हावरी’ म्हणणाऱ्या नातलगांना मी हेच ऐकवलं.

फोनवरचं माणूस घरी येत नाही, आणि या आजाराला घरी येणारंच माणूस लागतं. शिवाय आमच्याकडे रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. तिथं चारचौघांत असलं बोलणं अवघड.

ती उणीव आमच्या आशाताईंनी, म्हणजे गावच्या आशा आरोग्य स्वयंसेविकेनं, भरून काढली. त्या येऊन बसतात, एकच ढीग घेतात, वस्तू मोठ्या आईच्याच हातात देतात. सुरुवात बाटल्यांपासून केली, कारण त्यात कुणी चुकून पाणी भरलं तर जिवावर बेतेल. बाटल्या तिनं दिल्या. गोण्यांवर हात ठेवून म्हणाली, “थ्या तुह्या मोठेबाबानं आनल्या होत्या, राहू दे.” राहू दिल्या, फक्त चुलीपासून दूर सरकवल्या. मागच्या दाराची वाट आता मोकळी आहे.

सल्ल्यासाठी १४४१६ ला माझ्याकडून पाचपैकी चार. आशाताई हे आपल्या वेळात करतात; घरी जाऊन बसण्याच्या या कामाचं रीतसर प्रशिक्षण आणि वेगळं मानधन त्यांना मिळायलाच हवं.