घड्याळांचे फोटो: विकतचा लाइटबॉक्स की बेदाण्याचा खोका?

परवा आत्याच्या मुलाचा फोन आला, दादा ऑनलाइन तो घडी करून ठेवता येतो तसला लाइटबॉक्स, म्हणजे वस्तूंचे फोटो काढायचा आत दिवे असलेला डबा, बघतोय, घेऊ का घरीच खोका कापू? त्याच्याकडे पाच-सहा जुनी एचएमटीची घड्याळं जमलीत, दोन विकायची आहेत. मी दोन्ही वापरलेत. आधी विकतचा घेतला, वर्षभर वापरला, आणि आता सगळे फोटो बेदाण्याच्या खोक्यात काढतो. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथं लिहितोय.

विकतच्या बॉक्सला उगाच नावं ठेवणार नाही. दोन मिनिटात उभा राहतो, काम झालं की कपाटामागं सरकवता येतो, पाठीमागं लावायला पांढरा-काळा कागद सोबत येतो. आणि पॉवर बँकेवर चालतो ही मोठी सोय आहे, कारण आमच्याकडं उन्हाळ्यात वळवाचं वारं सुटलं की लाइट गेलीच म्हणून समजायचं. खोक्यावाल्याने तेव्हा गप बसायचं.

पण माझं बिनसलं ते एका गोष्टीवरनं. त्या बॉक्सच्या छताला एलईडीची पट्टी असते, बारीक बारीक दिव्यांची ओळ. सपाट काचेच्या घड्याळात ती चुकवता येते, घड्याळ जरा तिरकं केलं की ओळ बाहेर जाते. पण एचएमटीच्या जनता या मॉडेलची काच म्हणजे ॲक्रिलिकची, मधे फुगीर, ती बहिर्वक्र आरशासारखी वागते आणि अख्ख्या खोक्याचं प्रतिबिंब गोळा करून आणते. घड्याळ कसंही फिरवा, ते ठिपके डायलवर येतातच, मोत्याची माळ ठेवल्यासारखे. सोबत पातळ पांढरं कापड दिलेलं असतं ते लावून बघितलं, तर ते पट्टीला इतकं चिकटून बसतं की ठिपके नुसते जरा मऊ होतात. एकदा एका जनताचा फोटो पाठवला तर समोरच्याने विचारलं, डायलला पांढरे डाग आहेत का? डाग नाहीत हो, दिवे आहेत. तो म्हणाला बरं, बघतो, आणि परत काही त्याचा मेसेज आला नाही. जुन्या घड्याळात डायल नंतर रंगवलाय का ओरिजिनल आहे यावरच सगळा व्यवहार असतो, तिथंच ठिपके असतील तर कोण विश्वास ठेवणार? त्यात एचएमटीचं घड्याळांचं काम २०१६ साली सरकारनं बंदच करायचं ठरवलं, त्यामुळं बाजारात फिरतंय ते बहुतेक जुनं, आणि त्यात ही फुगीर काच भरपूर.

दुसरं म्हणजे माझ्या बॉक्सचा उजेड रेग्युलेटरने कमी केला की मोबाइलच्या फोटोत आडवे काळे पट्टे यायचे. सगळ्याच बॉक्सना होत असेल असं नाही, माझ्याला व्हायचं.

मग हा खोका. आमच्या सांगलीत बेदाण्याच्या रिकाम्या खोक्यांना तोटा नाही, पंधरा किलोचा एक घेतला. तिन्ही बाजूंना चौकट ठेवून खिडक्या कापल्या, म्हणजे डावी, उजवी आणि वरची, आणि त्यावर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवला. बटर पेपरही चालतो म्हणतात पण मला त्यानं पांढरा डायल जरा पिवळट वाटला. आत कार्डशीट वाकवून टाकली, म्हणजे पाठीमागं कोपरा दिसत नाही. गणपती पेठेतनं नऊ वॅटचे पांढरे एलईडी बल्ब आणले, एकाच कंपनीचे एकाच रंगाचे, नाहीतर घड्याळाच्या केसची, म्हणजे डायलभोवतीच्या धातूच्या डबीची, एक कड निळी आणि एक पिवळी येते. होल्डर-वायर घरातच होती. सगळं मिळून दोन-अडीचशे गेले असतील. जुना पिवळा बल्ब मात्र लावू नका, तो तापतो आणि शेजारी कागद आहे.

यातली खरी गोम एवढीच की बल्ब कागदापासनं वीतभर लांब ठेवायचा. मग कागदाची अख्खी खिडकीच उजळते आणि काचेत ठिपक्यांऐवजी एक मऊ पांढरा चौकोन दिसतो, तोही घड्याळ थोडं कलतं केलं की कडेला जातो. विकतच्या डब्यात नेमकं हे वीतभर अंतरच मिळत नाही.

खोक्याचा तोटा म्हणजे उजेड इतका सगळीकडनं येतो की चकचकीत काटे पांढऱ्या डायलवर हरवतात. त्यावर उपाय म्हणजे काळ्या कार्डशीटची दोन बोटं रुंद पट्टी आत एका बाजूला उभी करायची, काट्यांत तिची काळी रेघ उमटते आणि ते उठून दिसतात. ही पट्टी कुठं ठेवायची यातच माझी अर्धी रविवार दुपार जाते. लाल टीशर्ट घालून फोटो काढू नका, केसच्या कडेला लाल छटा येते, मी काढलेत.

बाकी गोष्टी दोन्हीकडं सारख्याच. खोलीतली ट्यूब बंद, मोबाइल जरा लांब धरून दोन पट झूम, म्हणजे घड्याळ बटाट्यासारखं दिसत नाही आणि काचेत मोबाइलही लहान दिसतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवर कॅमेरा फोटो काळपट काढतो, एक्स्पोजर थोडं वर न्यायचं. एचएमटी पायलट या मॉडेलसारखा काळा डायल काळ्या कागदावर असेल तर उलट खाली. चावीच्या घड्याळाला आधी दोन दिवस चावी द्यायची नाही, आपोआप थांबतं, मग काटे दहा-दहावर आणून निवांत काढायचे.

तर ज्याच्याकडं सपाट काचेची नवीन घड्याळं आहेत, जागा कमी आहे, त्यानं विकतचा घ्यावा, पैसे वाया जाणार नाहीत असं मला वाटतं. आत्याच्या मुलाला मात्र म्हटलं, तुझ्याकडं सहातली चार जनता आहेत, आधी खोका कापून बघ. माझा विकतचा बॉक्स वहिनी कानातल्यांचे फोटो काढायला घेऊन गेल्या, त्या खूश आहेत.

खोका घेताना आतनं ओल्या फडक्यानं पुसून, वाळवून मगच कागद लावा, मी तसाच लावला तर दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग. आणि पावसाळ्यात ट्रेसिंग पेपर सर्दावून लाटा लाटा होतो, त्या लाटासुद्धा काचेत दिसतात, त्यामुळं मी गणपती झाले की कागद बदलतो.