न्यू ऑर्लीन्स, शिकागो की हार्लेम: जॅझची चित्रकथा कुठे घडवावी?

सुरुवातीच्या जॅझमधली पात्रं काढायची म्हटलं की हात आधी टोपीकडे आणि सूटकडे जातो. माझं सांगणं असं, की आधी शहर ठरवा. पात्राच्या हातात कोणतं वाद्य आणि समोर कोण बसलंय, हे त्यावरच ठरतं.

न्यू ऑर्लीन्समध्ये, साधारण १९०० ते १९१७ या काळात, कल्पनेला सगळ्यात जास्त वाव आहे. कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखं पण आखूड वाद्य, वाजवणाऱ्या बडी बोल्डनचं एकही ध्वनिमुद्रण हाती नाही. फोटोही एकच, तोही सगळ्या बँडचा. त्यामुळे त्याच्यासारखं पात्र तुम्हाला मोकळेपणाने रचता येतं. शिवाय तिथे संगीत रस्त्यावर आहे. अंत्ययात्रेत जाताना संथ धून, परतताना नाचरी. दोन पानांवर समोरासमोर काढायला हा प्रसंग फार सुंदर आहे. मात्र लोखंडी जाळीच्या सज्जांनी आणि मिरवणुकीतल्या गर्दीने हात भरून येईल, याची तयारी ठेवा.

शिकागो मला पहिल्या चित्रकथेसाठी जास्त योग्य वाटतं. १९२२ मध्ये तरुण लुई आर्मस्ट्राँग दक्षिणेतून रेल्वेने तिथे आला आणि किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये दुसरा कॉर्नेट वाजवू लागला. गुरू आणि त्याच्या पुढे जाणारा शिष्य एकाच मंचावर, पियानोवर लिल हार्डिन, जिने पुढे १९२४ मध्ये लुईशी लग्न केलं. कथानक तयारच आहे. १९२३ चं ध्वनिमुद्रण तर चित्रकारासाठीच घडल्यासारखं वाटतं: मायक्रोफोन नाही, सगळे वादक एका मोठ्या कर्ण्यापुढे, आणि ज्याचा आवाज मोठा तो मागे. कोण किती दूर उभा आहे, एवढ्यावरून एका चौकटीत माणसांची नाती दाखवता येतात.

हार्लेम, म्हणजे न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीयांची वस्ती, झगमगीत, पण मेहनत दुप्पट. बँड मोठे, सॅक्सोफोनची अख्खी रांग. १९२७ मध्ये बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन कॉटन क्लब या नाइट क्लबात रुजू झाला तेव्हा मंचावर कृष्णवर्णीय कलावंत आणि टेबलांवर गोरे प्रेक्षक, हा तिथला नियम होता. तो न दाखवता नुसते दिवे काढणं मला अप्रामाणिक वाटतं. नाच हाच विषय असेल तर १९२६ मध्ये उघडलेलं सॅव्हॉय बॉलरूम घ्या. तिथे दोन्ही वंशांचे लोक नाचत. कपड्यांसाठी जेम्स व्हॅन डर झी यांचे फोटो पाहा.

आता शैली. कोपर नसलेले रबरी हात आणि पांढरे हातमोजे, ही जुन्या कार्टूनची रीत भराभर काढता येते आणि तालही छान पकडते. पण मोठे ओठ, वटारलेले डोळे आणि ते हातमोजे यांची मुळं गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून केलेल्या नकलांमध्ये आहेत. शरीराची लवचीक रेषा जरूर घ्या. चेहरा मात्र प्रत्येकाचा वेगळा, माणसाचा काढा. हातमोजे तर काढूनच टाका, नाहीतर क्लॅरिनेटच्या छिद्रांवरची बोटं दिसणार कशी?

मुंबईत जॅझ वाजवणारे गोवेकर वादक रंगवायचे असतील तर काळ १९३० नंतरचा घ्या, म्हणजे वाद्यंही बदलतील. न्यू ऑर्लीन्स आणि १९२३ चं शिकागो काढताना ड्रमसेटवर हाय-हॅट, म्हणजे पायाने वाजवायची झांजांची जोडी, नको. ती १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली.